बिलाची क्वेरी नेमकी कुठे आहे?

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या दूध संस्थांत महिन्यातून तीनदा बिल निघतं. एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर. सभासदानं सकाळ-संध्याकाळ घातलेलं दूध, प्रत्येक वेळची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून दरपत्रकातला दर, त्यातून पशुखाद्य आणि उचल वजा, आणि उरलेली रक्कम हातात. कागल असो की राधानगरी, हिशोबाची चाल हीच. संगणकात हा सगळा हिशोब एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एका आज्ञेत, बसतो.

ती क्वेरी प्रोग्राममध्ये कुठे आहे, हे मात्र बहुतेक ठिकाणी चटकन सांगता येत नाही. अर्धी ‘बिल काढा’ या बटनाच्या फंक्शनमध्ये असते, तीही अधिकच्या चिन्हांनी जोडलेल्या सात-आठ तुकड्यांत. म्हैस की गाय ही अट एका इफमध्ये असते. छपाईच्या रिपोर्टमध्ये तोच हिशोब पुन्हा थोडा वेगळा लिहिलेला असतो, एसएमएस पाठवणाऱ्या फाइलमध्ये तिसऱ्यांदा, आणि दिवाळीच्या दूध दर फरकासाठी चौथ्यांदा. दरपत्रक बदललं की चारपैकी तीन ठिकाणी दुरुस्ती होते. चौथ्या ठिकाणची चूक लक्षात येते तेव्हा सभासद कागद घेऊन दारात उभा असतो.

यावरचा उपाय साधा आहे. एसक्यूएल (क्वेरी ज्या भाषेत लिहितात ती) प्रोग्रामच्या कोडमधून बाहेर काढून स्वतंत्र .एसक्यूएल फाइलींत ठेवायचं. प्रत्येक क्वेरीला नाव द्यायचं आणि कोडनं फक्त त्या नावानं हाक मारायची. क्वेरी हा लिहून ठेवलेला हिशोब आहे, आणि तो एका पानावर, सलग, वरपासून खालपर्यंत वाचता आला पाहिजे. बाकीच्या सगळ्या सोयी यातून येतात.

फाइली कशा पाडायच्या

प्रोजेक्टमध्ये ‘क्वेरीज’ नावाचं एक फोल्डर करा आणि त्यात हिशोबाच्या विषयानुसार फाइली ठेवा: सभासद, संकलन, दर, कपात, बिल. स्क्रीननुसार फाइली पाडायचा मोह होतो, तो टाळा. बिल स्क्रीनवर दिसतं, कागदावर छापलं जातं आणि मोबाइलवरही जातं, पण हिशोब एकच असतो. स्क्रीनमागे एक फाइल केली की तोच हिशोब पुन्हा तीनदा लिहिला जातो. एका फाइलीत आठ-दहा छोट्या क्वेरी सुखानं नांदतात. बिलासारखी साठ-सत्तर ओळींची क्वेरी असेल तर तिला स्वतंत्र फाइल द्या.

नाव देण्याची एक पद्धत रूढ आहे. क्लोजर भाषेतल्या येस्क्यूएल या लायब्ररीमुळे ती २०१३ नंतर पसरली. क्वेरीच्या वर एक कॉमेंट लिहायची: दोन डॅश, एक स्पेस, ‘नेम’ हा शब्द, कोलन आणि क्वेरीचं नाव. त्याखाली दोन-चार ओळींत क्वेरी काय करते ते लिहायचं आणि मग क्वेरी. क्लोजरमध्ये ह्यूगएसक्यूएल आणि पायथनमध्ये एआयओएसक्यूएल हीच पद्धत वापरतात. एआयओएसक्यूएलमध्ये नावाच्या शेवटी एक चिन्ह लावून काय परत येणार हेही सांगता येतं: ^ म्हणजे एक ओळ किंवा काहीच नाही, $ म्हणजे एकच किंमत, ! म्हणजे इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट. चिन्ह नसेल तर अनेक ओळी. गो भाषेत एसक्यूएलसी हे साधन फाइलीतल्या क्वेरी वाचून त्यांची फंक्शनं तयार करतं, आणि कॉलमचं नाव चुकलं असेल तर तिथेच अडवतं. जावामध्ये मायबॅटिस हेच काम बरीच वर्षं एक्सएमएल फाइलींतून करत आलं आहे.

लायब्ररी घ्यायची नसेल तर लोडर, म्हणजे फाइलींतून क्वेरी वाचून आणणारा छोटा कोड, स्वतः लिहिता येतो, तीसेक ओळींत होतो. फाइल वाचा, नावाच्या कॉमेंटवर तुकडे पाडा आणि नाव व मजकूर अशी डिक्शनरी करा. हे काम प्रोग्राम सुरू होताना एकदाच करा, दर वेळी फाइल उघडू नका. एकच नाव दोनदा आलं तर तिथेच एरर देऊन थांबा, नाहीतर दुसरी क्वेरी पहिलीला गुपचूप पुसून टाकते. सेमीकोलनवर तुकडे पाडू नका, कारण सेमीकोलन अवतरणचिन्हांतल्या मजकुरातही असू शकतो.

पॅरामीटर, म्हणजे क्वेरी चालवताना भरायची किंमत, कोलन लावून नावानं लिहा. कोड वाचताना ‘:पासून’ आणि ‘:पर्यंत’ लगेच कळतात; तीन प्रश्नचिन्हांपैकी दुसरं कशाचं ते मोजत बसावं लागतं. स्वतःचा लोडर ही नावं बदलून ड्रायव्हरला (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररीला) हवी तशी देत असेल तर दोन ठिकाणी पाय घसरतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये किमतीचा प्रकार बदलण्यासाठी दोन कोलन लागोपाठ येतात आणि त्यातला दुसरा कोलन लोडरला पॅरामीटरची सुरुवात वाटते. दुसरं म्हणजे '०६:३०' अशी वेळ अवतरणात असली आणि लोडर कोलननंतर आकडाही चालवून घेत असला, तर त्याला ‘३०’ नावाचं पॅरामीटर दिसतं. पहिल्यासाठी कास्ट हा शब्द वापरा. दुसऱ्यासाठी कोलननंतर अक्षरच हवं असा नियम ठेवा.

टक्क्याच्या चिन्हाचीही काळजी घ्या. पायथनचा सायकोपीजी ड्रायव्हर टक्क्याचं चिन्ह पॅरामीटरसाठी वापरतो, त्यामुळे मजकूर शोधणाऱ्या लाइकमधला टक्का दोनदा लिहावा लागतो. आपल्याकडे आडनावानं शोधणं रोजचंच. ‘पाटील%’ ही सगळी किंमत पॅरामीटर म्हणूनच पाठवा, म्हणजे क्वेरीच्या मजकुरात टक्का येतच नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. फाइलीत ठेवल्यानं क्वेरी सुरक्षित होत नाही. फाइलीतून वाचलेल्या मजकुरात कुणी फॉरमॅट करून सभासद क्रमांक घुसडला, तर इंजेक्शनचं, म्हणजे किमतीच्या जागी बाहेरची आज्ञा घुसण्याचं, भोक तेवढंच मोठं राहतं. किंमत नेहमी ड्रायव्हरकडून बांधूनच गेली पाहिजे.

बिलाची क्वेरी

खरा फायदा इथे दिसतो, म्हणून इथे जरा थांबू.

बिलासाठी तीन टेबलं लागतात: सभासद, संकलन आणि कपात. पहिल्यांदा लिहिणारा तिन्ही जोडतो, सभासदानुसार ग्रुप करतो आणि दोन्ही बाजूंची बेरीज घेतो. समजा एका सभासदाच्या दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळ मिळून २० नोंदी आहेत आणि तीन कपाती आहेत. टेबलं अशी जोडल्यावर (जॉइन केल्यावर) २० गुणिले ३, म्हणजे ६० ओळी होतात. दूध ४,००० रुपयांचं असेल तर बेरीज १२,००० येते. कपात १,५०० असेल तर ३०,००० येते. इतका मोठा आकडा निदान डोळ्यात भरतो. कपात एकच असेल तेव्हा मात्र दुधाची बेरीज बरोबर येते आणि कपात वीसपट होते. तपासणारा दुधाचा आकडा जुळतोय म्हणून पुढे जातो. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या पट्टीलाही हाच धोका आहे: वजनाच्या ओळी एकीकडे, हमाली-तोलाईच्या दुसरीकडे, आणि दोन्ही एकदम जोडल्या की गुणाकार.

काही जण यावर डिस्टिंक्ट लावतात. ते आणखी वाईट, कारण दोन वेगळ्या दिवशी दुधाची रक्कम नेमकी सारखी आली तर त्यातली एक गळून जाते आणि सभासदाचं नुकसान होतं. बरोबर रचना अशी: विथ वापरून आधी ‘दूध’ नावाचा भाग करा, त्यात फक्त संकलनाची सभासदवार बेरीज. मग ‘कपात’ नावाचा दुसरा भाग, त्यात फक्त कपातीची सभासदवार बेरीज. दोन्हींत सभासदामागे एकच ओळ उरली की लेफ्ट जॉइन करा. कपात नसलेल्या सभासदाला तिथे नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, येतो, आणि ४,००० वजा नल म्हणजे नलच. म्हणून कोअलेस लावून शून्य करा. साधा जॉइन केला तर कपात नसलेला सभासद बिलातून गायबच होतो. विथची सोय पोस्टग्रेसमध्ये २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून, एसक्यूलाइटमध्ये २०१४ च्या ३.८.३ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहे. त्याहून जुनं मायएसक्यूएल असेल तर हेच भाग फ्रॉममधल्या उपक्वेरी म्हणून लिहा.

आता तारखा. संकलनाची वेळ तारीख आणि घड्याळ दोन्ही मिळून एकाच कॉलममध्ये असेल, तर ‘एक ते दहा’साठी बिटवीन लिहू नका. शेवटची दहा तारीख तिथे मध्यरात्रीचे बारा म्हणून धरली जाते आणि त्या दिवशीचं सकाळचं व संध्याकाळचं दोन्ही दूध बिलाबाहेर राहतं. सुरुवातीच्या तारखेपेक्षा मोठं किंवा तिच्याइतकं आणि पुढच्या बिलाच्या पहिल्या तारखेपेक्षा लहान, अशी अट ठेवा. मग १ ते ११, ११ ते २१ आणि २१ ते पुढच्या महिन्याची १, एवढंच लागतं. महिना २८ चा की ३१ चा हा प्रश्नच उरत नाही.

दराचं जोडकाम सगळ्यांत नाजूक. गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो, म्हशीचा ६.० आणि ९.० वर, आणि तिथून वर-खाली पॉइंटप्रमाणे दर सरकतो. दरपत्रकाच्या टेबलशी जोडताना फॅट रिअल प्रकारच्या कॉलममध्ये ठेवलेली असेल तर ६.१ आणि ६.१ जुळत नाहीत, कारण दशांशाचे हे आकडे दोनच्या पद्धतीत नेमके बसत नाहीत आणि कमी-जास्त अचूकतेनं साठवले की वेगळे पडतात. जॉइन जुळला नाही की ती ओळ गळते आणि त्या वेळचं दूध फुकट जातं. फॅट न्यूमेरिकमध्ये ठेवा, किंवा दहानं गुणून ६१ असा पूर्णांक ठेवा. एसक्यूलाइटमध्ये नेमका दशांश प्रकार नाहीच, तिथे रकमाही पैशांत पूर्णांक म्हणून ठेवाव्यात.

प्रत्येक दराला ‘लागू दिनांक’ आणि ‘बंद दिनांक’ असावेत आणि जोडताना संकलनाची तारीख त्या मुदतीत बसवावी. दोन दरांच्या मुदती एकमेकींवर चढल्या तर एका नोंदीच्या दोन ओळी होतात आणि दूध दुप्पट मोजलं जातं. पोस्टग्रेसमध्ये मुदती चढूच नयेत असं बंधन टेबलवरच घालता येतं, त्याला एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट म्हणतात. गाय-म्हैस या कॉलमची बरोबरीही त्याच बंधनात हवी असेल तर बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन लागतं. हे बंधन घालाच. क्वेरी कितीही नीट लिहिली तरी चढलेल्या मुदती तिला ओळखता येत नाहीत.

वरच्या चारही गोष्टी एका पानावर, एका नावाखाली असतील तर तपासणाऱ्याला त्या दिसतात. तुकड्यांत विखुरल्या असतील तर दिसत नाहीत. क्वेरीच्या डोक्यावर मराठीत टीप लिहा: मुदत कुठून कुठपर्यंत, कपातीचा क्रम कोणता, पैसे कुठे पूर्णांकित होतात, प्रत्येक वेळच्या रकमेला की एकूण बिलाला. हा शेवटचा मुद्दा संस्थेच्या सचिवांना विचारूनच लिहा. त्यांना एसक्यूएल येत नसलं तरी ही टीप ते तपासू शकतात, आणि हिशोबाचं अंतिम उत्तर त्यांच्याकडेच असतं.

फाइल उचला आणि चालवा

क्वेरी सलग असली की ती थेट डेटाबेसवर चालवता येते. डीबीव्हर हे डेटाबेस पाहायचं साधन कोलनवाली पॅरामीटर ओळखतं आणि चालवताना किंमत विचारतं. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनात कोलन लावलेलं नाव म्हणजे मजकुराची सरळ अदलाबदल, त्यामुळे तारीख देताना ती अवतरणासकट सेट करावी लागते. हे विसरलात तर २०२५-०१-११ ही वजाबाकी समजली जाते आणि प्रकार जुळत नाही अशी एरर येते.

संथ क्वेरीसाठी तीच फाइल एक्सप्लेन ॲनालाइज लावून चालवा, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवतो आणि वेळ कुठे जातो ते दिसतं. ५०० सभासदांच्या संस्थेत रोज दोन वेळा म्हणजे वर्षाला ३,६५,००० नोंदी. संकलनावर सभासद आणि तारीख असा एकत्र इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) असेल तर एका सभासदाचा उतारा चटकन येतो. सगळ्या सभासदांचं दहा दिवसांचं बिल काढायला मात्र तारीख पुढे असलेला इंडेक्स लागतो. एक खबरदारी: पोस्टग्रेस तयार (एकदा वाचून घेऊन पुन्हा पुन्हा चालवायच्या) क्वेरीच्या पहिल्या पाच खेपांत दिलेल्या किमती पाहून योजना आखतं. पुढे सर्वसाधारण योजना महाग पडणार नाही असं वाटलं तर ती धरतं. म्हणून हातानं चालवलेली क्वेरी वेगवान आणि प्रोग्राममधली संथ, असं होऊ शकतं.

क्वेरीचं नाव असलेली कॉमेंट मजकुराच्या सुरुवातीलाच ठेवा आणि ती डेटाबेसपर्यंत पोचू द्या. आत्ता काय चालू आहे हे दाखवणाऱ्या पोस्टग्रेसच्या व्ह्यूमध्ये क्वेरीचे पहिले १०२४ बाइट दिसतात, ही मूळ मर्यादा आहे. नाव शेवटी असेल तर ते कापलं जातं. काही लायब्ररी कॉमेंट काढून टाकतात, ते एकदा तपासून घ्या.

जिथे ही पद्धत अडते

‘सभासद शोधा’ या स्क्रीनवर गाव, नाव, गाय-म्हैस, थकबाकी अशा पाच ऐच्छिक अटी असतात. .एसक्यूएल फाइलीत इफ-एल्स घालणारी टेम्प्लेट वापरायचा मोह इथे होतो. तसं केलं की कोड पुन्हा क्वेरीत शिरतो आणि फाइल सलग चालवता येत नाही. सभासदांचं टेबल छोटं असतं. तिथे ‘पॅरामीटर नल असेल किंवा कॉलम त्याच्याइतका असेल’ अशी अट पुरते. पोस्टग्रेस कधी कधी अशा पॅरामीटरचा प्रकार ओळखता येत नाही म्हणून अडतं, तिथे कास्ट लिहा. संकलनासारख्या मोठ्या टेबलवर ही अट इंडेक्सला निकामी करू शकते, म्हणून तिथे दोन-तीन वेगळ्या क्वेरी लिहा. अटी खरोखरच मोकाट असतील तर त्या एका स्क्रीनसाठी कोडमध्ये क्वेरी बिल्डर वापरा. त्यात काही बिघडत नाही.

क्रम लावण्याचा कॉलम पॅरामीटरनं देता येत नाही. एरर येत नाही, पण दिलेली किंमत नुसता मजकूर धरली जाते आणि क्रम लागतच नाही. ठरावीक नावांच्या यादीतून निवडून केसनं क्रम लावा. अनेक क्रमांक एकदम द्यायचे असतील तर पोस्टग्रेसमध्ये ॲरे आणि एनी वापरा, एसक्यूलाइटमध्ये जेसन-ईच. इनमध्ये एकेक पॅरामीटर वाढवत गेलात तर एसक्यूलाइटची मूळ मर्यादा आधी ९९९ होती, ३.३२.० पासून ३२,७६६ आहे.

ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळ्या क्वेरी पूर्ण होतील नाहीतर एकही नाही अशी बांधणी, कोडमध्येच राहू द्या. बिल साठवणं आणि त्या नोंदींवर ‘बिल झालं’ अशी खूण करणं या दोन क्वेरी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हव्यात. तो निर्णय हाक मारणाऱ्याचा. आणि नाव छोटं झालं म्हणून क्वेरी लूपमध्ये घालू नका: ५०० सभासदांसाठी ५०० वेळा डेटाबेसला जाणं फाइल वेगळी केल्यानं थांबत नाही.

टेबल बदलणारे मायग्रेशन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ते क्रमानं एकदाच चालतात, क्वेरी रोज चालतात.

प्रोग्राम संस्थेच्या संगणकावर गेला की हमखास येणारी अडचण म्हणजे ‘फाइल सापडत नाही’. आपल्या मशीनवर फोल्डर शेजारीच असतं, पॅकेजमध्ये ते गेलेलंच नसतं. पायइन्स्टॉलरला ॲड-डेटा सांगावं लागतं, जावात रिसोर्सेसमध्ये ठेवावं लागतं. गोमध्ये १.१६ पासून एम्बेडनं फाइली थेट प्रोग्राममध्ये बसतात. दुसरी अडचण आपल्या मराठी टिपांची. विंडोजवर पायथननं फाइल उघडताना यूटीएफ-८ सांगितलं नाही तर तो वेगळंच एन्कोडिंग धरू शकतो आणि देवनागरी अक्षरांवर अडखळतो. नोटपॅडनं सुरुवातीला बॉम हे न दिसणारं चिन्ह टाकलं असेल तर पहिल्या ओळीतलं नाव जुळत नाही आणि फक्त पहिलीच क्वेरी हरवते. पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग म्हणून वाचलं की दोन्ही मिटतात.

तपासणीत सर्वांत आधी सगळ्या क्वेरी प्रिपेअर करून, म्हणजे न चालवता डेटाबेसकडून वाचून घेऊन, पाहा. कॉलमचं नाव चुकलेलं असेल तर तिथेच कळतं. ही तपासणी ज्या डेटाबेसवर प्रोग्राम चालतो त्यावरच करा. पोस्टग्रेसच्या क्वेरी एसक्यूलाइटवर तपासून काही सिद्ध होत नाही.

जुना प्रोग्राम असेल तर सगळं एका रात्रीत हलवू नका. ज्यांत बेरीज आणि ग्रुप बाय आहे अशा, एकाहून जास्त ठिकाणी लिहिलेल्या क्वेरी आधी घ्या. मजकूर आहे तसाच हलवा, सुधारणा त्याच दिवशी करू नका. मागच्या तीन बिलांसाठी जुन्या आणि नव्या क्वेरीचा निकाल दोन तात्पुरत्या टेबलांत टाका आणि एक्सेप्ट ऑल (एकात असलेल्या पण दुसऱ्यात नसलेल्या ओळी दाखवणारी आज्ञा) दोन्ही बाजूंनी चालवा. नुसतं एक्सेप्ट सारख्या ओळी एकच धरतं, त्यामुळे दुप्पट झालेली ओळ त्यातून निसटते. एसक्यूलाइटमध्ये एक्सेप्ट ऑल नाही, तिथे ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज वेगळी ताडून पाहा. दोन्ही बाजूंनी शून्य ओळी आल्या की कोडमधली जुनी स्ट्रिंग त्याच कमिटमध्ये काढून टाका. कॉमेंट करून ठेवू नका, पुढच्या दरबदलाला कुणीतरी तिथेच दुरुस्ती करतं.